भयानक रस आणि एक फिलिपिनो चित्रपट

रसचर्चेत भयानकाला नाव आहे, परंतु मान नाही, असे म्हणण्याची पाळी आपल्या समीक्षेने आणली आहे. शृंगार, वीर, करुण आणि हास्य यांच्याविषयी उदंड लिहिले गेले. भयानकाची मात्र व्याख्या सांगावयाची, विभाव-अनुभावांची यादी द्यावयाची आणि पुढच्या रसाकडे वळावयाचे, असा वर्गातील व परीक्षेतील प्रघात पडून गेला आहे. मराठीत भयकथा कमी लिहिली गेली असे मुळीच नाही. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथांना व भयकथांना मोठा वाचकवर्ग लाभला. परंतु त्या मानाने त्यांच्या वाट्याला आलेली गंभीर चिकित्सा थोडकी आहे. याचा परिणाम असा की, एखादा भयपट पाहून बाहेर पडल्यावर आपल्यापाशी विचारण्यासारखा एकच प्रश्न उरतो : ‘भीती वाटली का?’ उत्तर होकारार्थी आले तर चित्रपट चांगला, नकारार्थी आले तर टाकाऊ. इतक्यावर चर्चा संपते.

हे माप अपुरे आहे. मोठा आवाज अकस्मात झाला तर कोणीही दचकतो. त्या दचकण्यात कलेचा भाग कितीसा? भयपटाचा कस पाहावयाचा तर त्यातील भयाचे मूळ कोठे आहे आणि ते भय कोणाच्या बाजूने उभे राहते, हे दोन प्रश्न विचारावयास हवेत, असे आमचे मत आहे. हे मत नुसते मांडून भागणार नाही. एखाद्या कलाकृतीवर ते घासून पाहिले पाहिजे. त्यासाठी आम्ही एक फिलिपिनो चित्रपट निवडला आहे : माईक दे लेऑन यांनी १९७६ साली दिग्दर्शित केलेला ‘इतिम’. तागालोग भाषेत ‘इतिम’ म्हणजे काळा.

आता कोणी विचारील की, परक्या भाषेतील, परक्या धर्माचारात रुजलेला चित्रपट आपण कोणत्या अधिकाराने पारखावा? शंका रास्त आहे, आणि तिचे अर्धे उत्तर आपल्याच साहित्यशास्त्रात आहे. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या बाणाला भिऊन पळणारे हरिण येते. अभिनवगुप्ताने रसप्रक्रिया समजावून देताना नेमके हेच उदाहरण घेतले आहे. हरिण आपले नव्हे, बाण आपल्यावर रोखलेला नव्हे, तो काळही आपला नव्हे. तरी ते भय आपण आस्वादतो, कारण काव्यात ते ‘याचे’ किंवा ‘त्याचे’ न राहता साधारण होते. या न्यायाने मनिलाचे भय इंदूरच्या किंवा मडगावच्या प्रेक्षकालाही आस्वाद्य व्हावयास हरकत नाही. उत्तराचा उरलेला अर्धा भाग मात्र प्रेक्षकाला स्वतः मिळवावा लागतो. हरिणाची वळलेली मान आणि तोंडातून गळणारे अर्धवट चावलेले गवत डोळ्यांपुढे उभे राहिल्यावाचून ते भय साधारण होत नाही. तपशील कळल्यावाचून साधारणीकरण नाही. म्हणून ‘इतिम’कडे वळण्यापूर्वी तो ज्या मातीतून उगवला तिची थोडी ओळख करून घेणे प्राप्त आहे.

या ओळखीसाठी एक चौकट आपल्याजवळ तयार आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे तीन प्रकार सांगितले आहेत : व्याजातून उपजलेला, अपराधातून उपजलेला आणि वित्रासितक, म्हणजे बाहेरच्या धाकातून उपजलेला. विद्यार्थी हे तीन शब्द पाठ करतात आणि विसरतात. परंतु फिलिपाइन्समधील भयाचा इतिहास पाहू लागलो की, हे तीन शब्द तीन दिव्यांप्रमाणे उपयोगी पडतात.

वित्रासितकापासून आरंभ करू. फिलिपिनो लोकसमजुतीतील सर्वांत धाकाचे नाव म्हणजे ‘आस्वांग’. हे एका भुताचे नाव नसून भुतांच्या एका मोठ्या कुळाचे नाव आहे. मॅक्सिमो रामोस या अभ्यासकांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या कुळाचे पाच वर्ग पाडले : रक्त शोषणारे, शरीरातील अवयव शोषणारे, पशुरूप घेऊन माणसे खाणारे, सूड उगवणारी चेटकीण आणि प्रेते खाणारे. यांपैकी दुसऱ्या वर्गातील ‘मानानांगाल’ सर्वांत प्रसिद्ध आहे. दिवसा ती चारचौघींसारखी स्त्री असते. रात्री तिचे धड कमरेपासून वेगळे होऊन पंखांनी उडू लागते आणि गर्भवतीच्या घराच्या छपरावर बसून लांब जिभेने गर्भ शोषून घेते. तिचा खालचा अर्धा देह कोठे उभा आहे हे सापडले आणि त्यावर मीठ टाकले की तिला पहाटेपूर्वी पुन्हा जोडून घेता येत नाही, आणि ती मरते. जेथे वैद्य दूर आणि गर्भपात वारंवार होणारा, तेथे अशी समजूत का रुजली असावी हे सांगावयास नको. हडळ, लावसट, मुंजा यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला त्यात फारसे परके काही वाटणार नाही.

फिलिपिनो चित्रपटाने हे कुळ फार लवकर उचलले. १९१९ साली होसे नेपोमुसेनो यांच्या ‘दालागांग बुकिद’ने त्या देशातील स्वदेशी चित्रनिर्मितीचा पाया घातला, आणि १९३३ साली, बोलपटाच्या अगदी आरंभकाळातच, ‘आंग आस्वांग’ पडद्यावर आला. पुढे १९८४ साली ‘शेक, रॅटल अँड रोल’ या तीन कथांच्या चित्रपटात पेके गायागा यांनी ‘मानानांगाल’ची कथा अशा रीतीने मांडली की त्या नावाची मालिकाच पुढे चालू राहिली. याच चित्रपटातील इश्माएल बेर्नाल यांच्या कथेत घरातील शीतकपाटच माणसांच्या जिवावर उठते. या परंपरेतील बहुतेक चित्रपट वित्रासितकाच्या वर्गात पडतात. संकट बाहेरून येते, रात्रभर दार ठोठावते, सकाळी निघून जाते किंवा मारले जाते. त्यांत कसब आहे, करमणूक आहे, आणि लोकस्मृतीची जपणूकही आहे. त्यांना आम्ही कमी लेखीत नाही. पण अशा चित्रपटात भय बाहेर असते, आणि बाहेरचे भय गेले की प्रेक्षक जसा आला तसा घरी जातो.

दुसरा प्रकार व्याजाचा. भरतमुनींच्या मनात येथे पात्राने केलेली भयाची बतावणी आहे. आम्ही तो शब्द थोडा पुढे ओढून, मुद्दाम रचलेल्या भयासाठी वापरीत आहोत. १९५० नंतरच्या काही वर्षांत लुझोन बेटावर हुक या शेतकरी बंडखोरांविरुद्ध सरकारी फौजांची मोहीम चालू होती, आणि एडवर्ड लॅन्सडेल हे अमेरिकन अधिकारी तेथे सल्लागार होते. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी सांगितलेली हकीकत अशी : एका टेकडीवर आस्वांग राहतो अशी कंडी प्रथम गावात पिकवण्यात आली. मग रात्री बंडखोरांच्या गस्ती तुकडीतील शेवटच्या माणसाला गुपचूप पकडून, त्याच्या मानेला दोन छिद्रे पाडून, देह उलटा टांगून रक्त काढण्यात आले आणि प्रेत पुन्हा वाटेवर आणून ठेवण्यात आले. दुसऱ्या दिवशी बंडखोरांनी ती टेकडी सोडली.

ही हकीकत आम्ही विस्ताराने दिली, याला कारण आहे. भीती उत्पन्न करणे हेच भयकलेचे माप मानले तर ही रचना अजोड ठरेल. पूर्वप्रसिद्धी, स्थळ, काळ, प्रेताची मांडणी सारे जागच्या जागी आहे. परंतु तिला कला म्हणावयास आपली जीभ रेटत नाही. का? येथे एक माणूस खरोखर मारला गेला, हे पहिले कारण. दुसरे कारण असे की, गरिबांच्याच घरातील जुनी समजूत उचलून ती त्यांच्यावरच उलटवण्यात आली. भय येथे बलवंताच्या हातातील हत्यार झाले. ‘भय कोणाच्या बाजूने उभे राहते?’ हा आमचा दुसरा प्रश्न हौसेखातर विचारलेला नाही, हे यावरून ध्यानी यावे.

आता तिसरा प्रकार, अपराधातून उपजणारे भय. आणि येथेच ‘इतिम’चे स्थान आहे.

माईक दे लेऑन यांचा जन्म १९४७ चा. त्यांची आजी नार्सिसा दे लेऑन या एल. व्ही. एन. या नामांकित चित्रसंस्थेच्या संस्थापकांपैकी. लिनो ब्रोका यांच्या ‘मायनिला’ या १९७५ च्या विख्यात चित्रपटाचे निर्माते व छायालेखक दे लेऑनच होते. ‘इतिम’ हा त्यांचा स्वतंत्र दिग्दर्शनाचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. पटकथा क्लोदुआल्दो देल मुन्दो (धाकटे) आणि गिल किइतो यांची. बुलाकान प्रांतातील सान मिगेल या गावी, जुन्या लाकडी वाड्यात त्याचे चित्रीकरण झाले.

कथानक थोडक्यात असे आहे. जुन हा मनिलात राहणारा तरुण छायाचित्रकार पवित्र सप्ताहात आपल्या गावी येतो. गावातील व्रतविधींची छायाचित्रे घ्यावयाची आणि आजारी वडिलांना भेटावयाचे, असा त्याचा दुहेरी हेतू. वडील डॉक्टर तोरेस हे एके काळचे गावातील मातबर गृहस्थ; आता त्यांचे अंग लुळे पडले आहे, वाचा गेली आहे आणि ते चाकांच्या खुर्चीला खिळले आहेत. चर्चमध्ये जुनला तेरेसा नावाची मुलगी दिसते. ती मधूनच भान हरपल्यासारखी वागते, आपण कोठे आलो हे तिचे तिला कळत नाही. तेरेसाची थोरली बहीण रोझा काही काळापूर्वी नाहीशी झाली आहे. तिची आई मृतात्म्यांना पाचारण करणाऱ्या बैठकांतून, आपल्याकडील लोक प्लँचेटकडे वळतात त्या आशेने, मुलीचा शोध घेते आहे. जुन हळूहळू आपल्याच घराच्या भूतकाळाकडे ओढला जातो. अखेरच्या बैठकीत तेरेसाच्या मुखाने रोझा बोलते आणि उलगडा होतो : रोझाचे डॉक्टरांशी संबंध होते, तिला दिवस गेले, डॉक्टरांनी स्वतः तिचा गर्भपात केला, त्यात ती गेली आणि सारे झाकले गेले.

हे कथानक सारांशरूपाने वाचले तर वाचकाला ते ओळखीचे वाटेल. झाकलेला अपराध, परत आलेला मृतात्मा आणि अखेरचा उलगडा हे जगभरच्या भयकथेचे साहित्य आहे. मोठेपण आहे ते मांडणीत, आणि त्याहून अधिक काळाच्या निवडीत.

काळ पवित्र सप्ताहाचा आहे. गोव्यातील वाचकांना या सप्ताहाची ओळख करून देण्याचे कारण नाही. इतरांसाठी एवढे सांगणे पुरे की, गुरुवारपासून ईस्टरच्या जागरापर्यंत चर्चच्या घंटा मुक्या असतात आणि प्रभूच्या मरणाचे दुःख सारा गाव पाळतो. फिलिपिनो लोकसमजूत याच्याही पुढे जाते. गुड फ्रायडेच्या दुपारनंतर देव मेलेला आहे, सबब त्या वेळी भुताखेतांना मोकळे रान आहे असे खेड्यांत मानले जाते. मुलांनी दंगा करू नये, प्रवासाला निघू नये, स्नान करू नये, असे निर्बंध त्या दिवशी पाळले जातात. ताईत-गंडे सिद्ध करण्याचाही तोच दिवस. आपल्याकडे अमावास्येविषयी जी भावना आहे तीच येथे एका शोकदिवसाभोवती गोळा झाली आहे. म्हणून ‘इतिम’मध्ये मृतात्मा याच दिवसांत बोलतो, याला दिग्दर्शकाची लहर म्हणता येत नाही, गावाच्या पंचांगातच त्याची तिथी ठरलेली आहे. भरतमुनींनी भयानकाच्या विभावांत ओसाड घर, अरण्य, विकृत आवाज यांची गणना केली आहे. येथे पंचांग हाच विभाव झाला आहे.

याच दिवसांत फिलिपाइन्समध्ये ‘पास्योन’चे पठण होते. ख्रिस्ताच्या क्लेशांचे हे पद्यबद्ध आख्यान लोक आळीपाळीने, तासन् तास, कधी रात्रंदिवस गात राहतात. तागालोग भाषेतील पहिले पास्योन गास्पार आकिनो दे बेलेन यांनी रचले आणि ते १७०४ साली मनिलात छापले गेले. आपल्या वाचकांना येथे फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराणा’ची आठवण झाल्यावाचून राहणार नाही; ते राचोल येथे १६१६ साली छापले गेले. एकच कथा, दोन वसाहती, दोन देशभाषा. एकीकडे जेझुइट पंथीय इंग्रजाने मराठी ओवी हाती घेतली, दुसरीकडे जेझुइटांच्या छापखान्यात काम करणाऱ्या देशी माणसाने तागालोग छंद. फिलिपिनो पास्योनचे पुढे काय झाले हे रेनाल्दो इलेतो या इतिहासकारांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे : राज्यकर्त्यांच्या धर्माबरोबर आलेल्या या आख्यानातूनच सामान्य माणसांना अन्यायाविरुद्ध बोलण्याची भाषा मिळाली. निरपराध्याचा छळ, मातेचा शोक आणि सत्तेपुढील मौन, हे शब्द एकदा ओठांत बसले की ते कोणाविषयी उच्चारावयाचे हे राज्यकर्त्यांच्या हाती राहात नाही.

‘इतिम’चा अर्थ या पार्श्वभूमीवर उजळतो. गाव एका निरपराध्याच्या मरणाचा शोक मोठ्याने करीत आहे. आणि त्याच गावात दुसरे एक मरण झाकलेले आहे, त्याचा शोक करणारी एकटी आई आहे. सार्वजनिक शोक आणि दडपलेला शोक यांना दिग्दर्शक शेजारी बसवतो. याविषयी पात्रांच्या तोंडी व्याख्यान घालण्याची त्याला आवश्यकता वाटत नाही. आमच्या मते चित्रपटाचे सर्वांत मोठे यश हेच आहे.

दुसरे यश पात्रयोजनेत आहे. जुन पाहतो, पण त्याला कळत नाही. कॅमेरा हा त्याचा डोळा. त्याने व्रतस्थांचे, मूर्तींचे, तेरेसाचे फोटो टिपले, तरी आपल्या घरात काय आहे हे त्याला दिसत नाही. डॉक्टरांना सारे ठाऊक आहे, पण त्यांना बोलता येत नाही. तेरेसा बोलते, पण ते बोलणे तिचे नव्हे. पाहणे, जाणणे आणि बोलणे या तीन क्रिया तीन माणसांत वाटून दिल्या आहेत, आणि त्या एका खोलीत एकत्र येईपर्यंत सत्य उमटत नाही. म्हणून अखेरची बैठक ही केवळ चमत्कृती न राहता कथेची गरज ठरते.

डॉक्टरांची भूमिका मारियो मॉन्टेनेग्रो यांनी केली आहे. १९५० च्या दशकातील या लोकप्रिय नायकाला येथे शब्द नाही, हालचाल नाही. भरतमुनींनी भयाचे अनुभाव सांगताना हातापायांचा कंप, चंचल नेत्र, रोमांच, मुखावरील निस्तेजपणा आणि स्वरभेद यांचा उल्लेख केला आहे. डॉक्टरांपाशी यांतील नेत्र तेवढे उरले आहेत. अपराधी माणसाचे भय पळण्यातून किंवा ओरडण्यातून प्रकट होऊ शकते. ज्याला पळताही येत नाही आणि ओरडताही येत नाही त्याचे भय किती दाट असेल, याचा प्रत्यय त्या डोळ्यांतून येतो. स्वरभेद मात्र त्यांच्याकडून काढून तेरेसाला दिला आहे. चारो सान्तोस यांचा हा पहिलाच चित्रपट. दोन आवाजांमधील अंतर त्यांनी आरडाओरडीने न दाखवता थिजलेपणाने दाखवले आहे. आईच्या भूमिकेतील मोना लिसा यांनीही शोक आवरून धरला आहे. त्याच वर्षीच्या ब्रोकांच्या ‘इन्सियांग’मध्ये त्यांनीच रंगवलेली कठोर आई ज्यांनी पाहिली असेल, त्यांना या संयमाचे मोल अधिक कळेल.

भाषेच्या उपासकांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. तागालोग संभाषणात ‘पो’ हा आदरदर्शक शब्द वाक्यावाक्यांतून येतो. प्रौढ स्त्रीच्या नावामागे ‘आलिंग’, पुरुषाच्या नावामागे ‘मांग’ लावतात. इंग्रजी उपशीर्षकांत हे सारे गळून पडते, जसे आपल्या ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांचे होते. ‘इतिम’मधील अपराध इतकी वर्षे झाकला राहिला त्याचे एक कारण हा आदरच आहे. डॉक्टरांना प्रश्न कोण विचारणार? म्हणून उपशीर्षके वाचताना कानही उघडे ठेवावेत. भाषा कळली नाही तरी कोण कोणाशी आदराने बोलतो हे ऐकू येते.

येथवर गुणांची चर्चा झाली. दोषही सांगावयास हवेत. रोझा ही कथेची नाभी. पण तिचे जिवंतपण आपल्याला फार थोडे भेटते. ती काय वाचत होती, काय इच्छीत होती, डॉक्टरांवर तिने का विश्वास टाकला, याचा पत्ता नीट लागत नाही. ज्या स्त्रीला जिवंतपणी बोलू दिले गेले नाही, तिला चित्रपटही मेल्यावरच आणि दुसरीच्या मुखाने बोलू देतो. तेरेसाची तर दुहेरी हानी होते : बहीण गेली, आणि स्वतःचा देह व आवाजही तिच्यापाशी राहिला नाही. तिचे पुढे काय, याची चिंता दिग्दर्शकाला जुनच्या चिंतेइतकी वाटत नाही. शिवाय मध्यंतरी गती इतकी मंदावते की वातावरण हेच जणू साध्य आहे असे वाटू लागते. हे दोष लहान नाहीत. तथापि चित्रपटाचा मुख्य न्याय त्यांनी ढळत नाही. भय येथे मातबराच्या दारात जाऊन उभे राहते, आणि ज्या घरातील मुलगी गेली त्या घराची बाजू घेते. लॅन्सडेल यांच्या टेकडीवरील भयाच्या हे नेमके उलट आहे. फिलिपाइन्समध्ये १९३० च्या दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला आहे. ज्या गोष्टीविषयी कायदा आणि धर्म दोघेही कुजबुजूसुद्धा देत नाहीत, तिच्याविषयी बोलण्यासाठी मेलेल्या माणसाला यावे लागते, हा या चित्रपटातील दाहक भाग आहे.

काही समीक्षक ‘इतिम’मधील मूक, लुळ्या पण तरीही साऱ्या घरावर पसरलेल्या पित्यात तत्कालीन राजवटीची छाया पाहतात. फेर्दिनांद मार्कोस यांनी १९७२ च्या सप्टेंबरात लष्करी कायदा पुकारला होता आणि तो औपचारिक रीत्या जानेवारी १९८१ मध्ये उठला. चित्रपट त्या दरम्यानचा. असे वाचन अशक्य नाही, पण जपून करावे. रूपक शोधण्याच्या भरात रोझाचे मरण विसरले गेले तर आपणही ते दुसऱ्यांदा झाकल्यासारखे होईल. पित्याच्या सत्तेचे अधिक उघड चित्र पाहावयाचे असेल त्यांनी दे लेऑन यांचा १९८१ चा ‘किसापमाता’ पाहावा. निक होआकिन यांनी वृत्तांकित केलेल्या एका खऱ्या घटनेवर तो आधारलेला आहे. निवृत्त पोलीस अधिकारी असलेला बाप आपल्या विवाहित मुलीला घराबाहेर जाऊ देत नाही. त्यात भूतसमंध नाही, पण भय ‘इतिम’हून कमी नाही. अपराधजन्य भयाला भुताची गरज नसते, हे त्यावरून सिद्ध होते.

आमची कसोटी एखाद्या अगदी निराळ्या चित्रपटाला लागू पडते का, हेही पाहिले पाहिजे. नाहीतर ती एकाच कुलुपाची किल्ली ठरेल. रिचर्ड सोमेस यांचा ‘यांग्गाव’ हा २००८ चा चित्रपट हिलिगायनोन भाषेतील आहे, म्हणजे राजधानीच्या तागालोगहून वेगळ्या, विसाया प्रदेशातील भाषेतील. येथे उघडउघड आस्वांग आहे. दुखणे घेऊन घरी परतलेली आमोर नावाची मुलगी हळूहळू आस्वांग होऊ लागते. वरवर पाहता हा वित्रासितकाचाच प्रकार. परंतु संकट दाराबाहेर नाही, माजघरात आहे. आणि बाप तिला पाठीशी घालतो, कारण ती लेक आहे. अपराध कोणाचाच नव्हता; बापाच्या मायेने तो जन्माला घातला. गावावर संकट येत असता ‘माझे’ म्हणून जे झाकले जाते त्याचे काय करावे, हा प्रश्न शेवटी बापाच्याच गळ्यात येऊन पडतो. तेव्हा भयाचे मूळ कोठे, या प्रश्नाचे उत्तर येथे ‘प्रेमात’ असे येते, आणि ते कोणाची बाजू घेते या प्रश्नाला सोपे उत्तर मिळतच नाही. चांगल्या भयपटाचे हेही एक लक्षण मानावयास हवे.

अध्यापक बंधुभगिनींना या साऱ्याचा उपयोग काय? भयानक रस शिकवताना व्याख्येबरोबर चार प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत, असे आम्ही सुचवतो. भय कोणत्या स्थळकाळात रुजले आहे, आणि ते तेथून उपटून दुसरीकडे लावले तर जगेल का? भिणारा कोण आहे, आणि त्याच्या भिण्यात त्याच्या स्वतःच्या कृत्याचा वाटा किती? ते भय दुबळ्याला अधिक दुबळे करते की बलवंताला जाब विचारते? आणि रहस्य फुटल्यावर काही उरते का? अखेरचा प्रश्न विशेष उपयोगी आहे, कारण केवळ दचकवणारी कलाकृती दुसऱ्यांदा पाहवत नाही. ‘इतिम’चा उलगडा आम्ही वर सांगून टाकला आहे, तरी ज्यांना तो पाहण्याची संधी मिळेल त्यांचे काही हरपेल असे आम्हांस वाटत नाही. २०२२ साली कान महोत्सवाच्या अभिजात चित्रपटांच्या विभागात त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रत दाखवली गेली, तेव्हा त्याला सेहेचाळीस वर्षे झाली होती आणि रहस्य जुने झाले होते. जे टिकले ते डॉक्टरांचे डोळे आणि त्यांच्यासमोर बसलेली आई.

हे चारही प्रश्न धारपांच्या कथेला विचारता येतील, मतकरींच्या कथेला विचारता येतील, आजीने सांगितलेल्या मुंजाच्या गोष्टीलाही विचारता येतील. तसे विचारले गेले तर आपल्या भयकथेचे काही नाणे खरे निघेल, काही खोटे निघेल. परंतु तपासल्यावाचून ते बाजूला टाकल्याचा दोष तरी आपल्यावर राहणार नाही.